डाउनटाउनमधल्या बेसबॉल स्टेडियमचा करार कसा वाचायचा

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या शहरात राहतात. डाउनटाउनला लागून पार्किंगचे मोकळे प्लॉट आहेत. तिथे बेसबॉल स्टेडियम आणि भोवती घरं, हॉटेल, दुकानं असा प्रकल्प येऊ घातला आहे. सिटी कौन्सिल रोखे काढणार, संघमालक आपला वाटा घालणार, आणि पत्रकात ठळक अक्षरात लिहिलंय की नवीन कर एकही नाही. सुनावणीत प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं. करार चांगला की वाईट, हे सामान्य माणसानं कशावरून ओळखायचं?

'स्टेडियममुळे शहराची भरभराट होते का' हा वाद इथे बाजूला ठेवू. त्यावर अर्थतज्ज्ञांनी तीसेक वर्षं काम केलंय आणि बहुतेकांचा कौल एकच आहे: गावातला माणूस सामन्यावर शंभर डॉलर खर्च करतो, ते बहुतांशी गावातल्याच दुसऱ्या कुठल्या तरी गल्ल्यातून वळलेले असतात. तुमचं कौन्सिल हे ठाऊक असूनही पुढे निघालेलं दिसतंय. तेव्हा उपयोगाचा प्रश्न उरतो तो कराराचा.

'प्रकल्प' या एका शब्दाखाली इथे दोन वेगळी कामं दडलेली असतात. स्टेडियमला तारीख असते. लीगचं वेळापत्रक ठरलेलं, पहिल्या सामन्याची तिकिटं विकलेली, त्यामुळे ठेकेदार रात्रपाळी लावून का होईना, ते पुरं करतोच. भोवतीच्या इमारतींना अशी तारीख नसते. त्या व्याजदर, भाडी, बँकेचा मूड यांवर चालतात. शहर पहिल्या कामासाठी आधी पैसे मोजतं आणि ते परत येणार असतात दुसऱ्या कामातून. साऱ्या कराराची जोखीम या दोन घड्याळांमधल्या फरकात आहे. म्हणून मी असा मसुदा हातात आला की शेवटून वाचायला घेतो. आधी कसूर आणि मुदतवाढीची कलमं, मग हमीपत्रं, मग पैशांचं परिशिष्ट, आणि रंगीत चित्रं सगळ्यात शेवटी.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. संघ मेजर लीगचा असेल तर घरचे ८१ सामने. मायनर लीगचा, म्हणजे खालच्या पातळ्यांवरचा, असेल तर ट्रिपल-ए पातळीवर ७५, डबल-ए पातळीवर ६९. म्हणजे चांगल्यातल्या चांगल्या स्थितीतही वर्षाचे २८० हून अधिक दिवस तिथे सामना नसतो आणि भोवतीच्या हॉटेलांना त्या दिवशीही गिऱ्हाईक लागतं. जमीन शहराची आहे की खासगी, डाउनटाउनमध्ये घरांना आत्ता खरी मागणी आहे की नाही, संघ आधीपासून गावात आहे की दुसरीकडून येतोय, आणि तुमच्या राज्याचा कायदा वाढीव कराचे पैसे कशासाठी वापरू देतो, यावरही बरंच ठरतं. पुढचं सगळं या चाळणीतून घ्या.

आता हिशेब. समजा शहराने १० कोटी डॉलरचे रोखे ३० वर्षांसाठी ५ टक्के व्याजाने काढले. वार्षिक हप्ता येतो साधारण ६५ लाख डॉलर. तो फेडायचा आहे 'टीआयएफ'मधून: ठरावीक हद्दीतल्या मालमत्तांची आजची किंमत गोठवायची, आणि पुढे किंमत वाढली की त्या वाढीवरचा कर रोख्यांच्या खात्यात वळवायचा. तिथे मालमत्ता कराचा प्रत्यक्ष दर दीड टक्का धरला, तर ६५ लाख यायला सुमारे ४३ कोटी ३० लाख डॉलर किमतीचं नवं करपात्र बांधकाम लागेल. रोखे घेणारे गुंतवणूकदार नेमक्या हप्त्याएवढ्या उत्पन्नावर समाधान मानत नाहीत. त्यांनी सव्वापट मागितलं तर आकडा ५४ कोटींवर जातो. यात स्टेडियम धरायचं नाही, कारण ते सरकारी मालकीचं असेल तर त्यावर बहुधा मालमत्ता करच नसतो. सगळा भार भोवतीच्या इमारतींवर.

इथे तीन चुका वारंवार होतात. पहिली वेळेची. रोखे आज निघतात; इमारतीची परवानगी, बांधकाम आणि नवी करआकारणी होऊन पहिला डॉलर यायला चार-पाच वर्षं सहज जातात. ही दरी भरायला सुरुवातीच्या व्याजापुरतं जास्तीचं कर्ज काढतात. वरच्या उदाहरणात तीन वर्षांचं व्याजच दीड कोटी होतं, आणि ते पत्रकातल्या 'स्टेडियमच्या खर्चात' दिसत नाही. दुसरी चूक, एकच कर दोनदा वापरण्याची. हॉटेलवाल्याला दहा वर्षं करमाफी द्यायची आणि त्याच हॉटेलच्या वाढीव करातून हप्ता फेडायचा आराखडाही करायचा. दोन कागद दोन खात्यांनी केलेले असतात, त्यामुळे हे कुणाच्या लक्षात येत नाही. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून इमारतवार टिक करत जा. तिसरी, शाळांची. अनेक राज्यांत वाढीव करात स्कूल डिस्ट्रिक्टचा, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचा, वाटाही ओढला जातो. तो सोडला आहे की नाही, हे एका ओळीत लिहिलेलं असतं. ती ओळ शोधा.

आणि मग: इमारती निम्म्याच झाल्या तर? वरच्या हिशेबात वर्षाला साडेबत्तीस लाखांची तूट. ती कोण भरणार? करारात 'शहराची नैतिक बांधिलकी' किंवा 'वार्षिक तरतुदीच्या अधीन' असे शब्द असतील तर घाबरून जाऊ नका, पण निर्धास्तही राहू नका. कायद्याने सक्ती नसली तरी हप्ता चुकवला तर शहराची पत घसरते, म्हणून प्रत्यक्षात शहर भरतंच, आणि ते सर्वसाधारण निधीतून, म्हणजे रस्ते, ग्रंथालयं, अग्निशमन दल यांच्या पैशातून. 'नवीन कर नाही' हे वाक्य तेव्हाही खरंच असतं. नवीन कर नसतो, जुना कर दुसरीकडे गेलेला असतो.

संघ भाडं इतकं कमी का देतो, असंही विचारलं जातं. त्याचं एक उत्तर १९८६ च्या संघीय करसुधारणा कायद्यात आहे. खासगी संघ वापरणार असलेल्या स्टेडियमसाठी करमुक्त रोखे (ज्यांच्या व्याजावर गुंतवणूकदाराला कर लागत नाही, म्हणून तो कमी व्याज घेतो) काढायचे असतील, तर हप्त्याचा १० टक्क्यांहून जास्त भाग संघाच्या भाड्यासारख्या खासगी देयकांतून फेडता येत नाही. हेतू असा होता की शहरं असल्या रोख्यांपासून दूर राहतील. झालं उलटं: व्याज स्वस्त मिळावं म्हणून शहरं भाडंच कमी ठेवू लागली आणि हप्ता हॉटेल कर, विक्री करावर टाकू लागली. म्हणून शहराच्या वित्त विभागाला विचारा की रोख्यांचा थोडा भाग करपात्र ठेवून भाडं वाढवलं तर काय फरक पडतो. ही तुलना त्यांनी केलेली असेल तर चांगलं लक्षण. केलीच नसेल तर वाटाघाटीत भाड्याचा मुद्दा कुणी लावून धरला नव्हता असं समजा.

क्रमाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त पाणी तिथे मुरतं. सेंट लुईसमध्ये बुश स्टेडियम २००६ साली उघडलं. बांधकामाचा मोठा भार संघाने उचलला, शहराने तिकिटांवरचा ५ टक्के करमणूक कर सोडला, आणि शेजारच्या जुन्या स्टेडियमच्या जागेवर 'बॉलपार्क व्हिलेज' उभं राहायचं होतं. २००९ च्या ऑल-स्टार सामन्याला देशभरचे कॅमेरे आले तेव्हा त्या जागेवर सॉफ्टबॉलचं मैदान आणि पार्किंग होतं. पहिला टप्पा २०१४ मध्ये उघडला. मधल्या मंदीला दोष देता येईल, आणि तो खराही आहे. पण मंदी कधी ना कधी येणार हे धरूनच करार करायचा असतो. बाजार तेजीत असला तरी घाई होतेच असं नाही. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जायंट्सचं स्टेडियम २००० साली खासगी पैशातून झालं. समोरच्या बंदर खात्याच्या पार्किंगवरच्या 'मिशन रॉक' प्रकल्पाला मतदारांनी २०१५ मध्ये मंजुरी दिली आणि पहिली इमारत उघडायला २०२३ उजाडलं. फरक इतकाच की तिथे शहराच्या रोख्यांचा हप्ता त्या पार्किंगकडे डोळे लावून बसलेला नव्हता.

मुंबईत सोसायटीचा पुनर्विकास केलेल्यांना यावरचा उपाय ठाऊक आहे: जागा सोडण्याआधी बँक गॅरंटी, टप्प्याटप्प्याने हक्क, आणि रहिवाशांची इमारत आधी. इथेही तेच हवं. शहराने सगळे प्लॉट पहिल्याच दिवशी संघमालकाच्या कंपनीला देऊ नयेत. पहिल्या प्लॉटवरच्या इमारतीचं छत घालून झालं की दुसऱ्याचा हक्क, असं बांधून घ्यावं. 'काम सुरू करणे' याची व्याख्या पाया भरणे अशी असावी. कुंपण घालून चार ट्रक माती हलवली म्हणजे काम सुरू, अशी नसावी. मुदत उलटली तर प्लॉट शहराकडे परत, आणि वर दरवर्षी ठरलेली रक्कम, जी इमारत झाली असती तर आलेल्या कराएवढी असेल. ही शेवटची अट सर्वात मोलाची. दंड हप्त्याच्या मानाने किरकोळ असला तर बिल्डर तो खुशाल भरतो आणि जागा दहा वर्षं पार्किंग म्हणून चालवतो. सामन्याच्या दिवशीचं पार्किंग हा मुळीच वाईट धंदा नाही.

सॅन डिएगोच्या पेटको पार्क या स्टेडियमच्या कराराची बांधणी बरी होती. १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी सुमारे ६० टक्के मतांनी जो सामंजस्य करार मंजूर केला, त्यात भोवतीच्या विकासाची जबाबदारी संघमालकाच्या बाजूने लिहिलेली होती. स्टेडियमभोवतीचं ईस्ट व्हिलेज आज गजबजलेलं आहे, पण तेही सरळ झालं नाही. खटले आणि एका कौन्सिल सदस्येने संघमालकाकडून घेतलेल्या भेटवस्तूंचं प्रकरण यांमुळे २००० च्या शरद ऋतूत काम थांबलं, रोखे विकायला २००२ उजाडलं आणि स्टेडियम दोन वर्षं उशिरा, एप्रिल २००४ मध्ये उघडलं. मंजुरी मिळाली म्हणजे पैसे मिळाले असं नाही. मंजुरी आणि रोखे विक्री यांच्या मधल्या काळात खर्च वाढला तर तो कुणाचा, हे करारात हवं.

खर्चवाढीच्या कलमात 'सर्व वाढीव खर्च संघ सोसेल' एवढं वाचून पान उलटू नका. अपवाद वाचा. शहराने सुचवलेले बदल, जमिनीखालचं प्रदूषण, जुन्या वाहिन्या हलवणं, आणि 'पायाभूत सुविधा' या सदराखालचं सगळं बहुधा शहराकडे राहतं. बहुमजली पार्किंग हे त्या सदरातलं आवडतं बिऱ्हाड. एका गाडीच्या जागेला आज साधारण ३० हजार डॉलर पडतात. हजार गाड्यांचे झाले तीन कोटी, आणि स्टेडियमच्या खर्चाचा आकडा जागचा हलत नाही.

पुरं करून देण्याची हमी कुणाची, हेही पाहा. हार्टफर्डमध्ये मायनर लीगच्या स्टेडियमचा आणि भोवतीच्या विकासाचा विकासक एकच होता. काम रखडलं, शहराने २०१६ च्या जूनमध्ये त्याला काढलं, संघाने तो अख्खा हंगाम परगावी खेळून काढला, आणि जामीनदार विमा कंपनीमार्फत काम पुरं होऊन एप्रिल २०१७ मध्ये पहिला सामना झाला. जामीन होता म्हणून स्टेडियम तरी झालं. पण विकासक तोच असल्यामुळे भोवतीचे प्लॉट खटल्यात अडकले, आणि वाढीव कर यायचा होता तो त्याच प्लॉटांतून. ही दोन कामं एकाच कंपनीला देणं सोयीचं वाटतं. दिलीत तर निदान दोन स्वतंत्र करार करा आणि एकातली कसूर दुसऱ्यावरचा शहराचा हक्क अडवणार नाही असं लिहून घ्या.

जमीन विकायची की भाडेपट्ट्याने द्यायची? माझा कल भाडेपट्ट्याकडे असतो. डेन्व्हरमध्ये कूर्स फील्ड हे स्टेडियम सहा काउंट्यांच्या (जिल्ह्यांच्या) ०.१ टक्का विक्री करातून झालं आणि ते कर्ज मुदतीआधी फिटलं. पुढे २०१७ मध्ये संघाने नवा ३० वर्षांचा करार केला तेव्हा शेजारचं सार्वजनिक मालकीचं पार्किंग ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलं, त्यावर २०२१ मध्ये मॅकग्रेगर स्क्वेअर उभं राहिलं, आणि भाडेपट्ट्याचा पैसा स्टेडियमच्या मोठ्या दुरुस्त्यांच्या कामी लागला. तीस वर्षांत छप्पर, लिफ्ट, दिवे, मोठा पडदा सगळं बदलावं लागतं; त्याला पैसा कुठून येणार हे बहुतेक करार गुलदस्त्यात ठेवतात. तिथे त्याचं उत्तर जमिनीतूनच काढलं.

वापर-करारात दोन कलमं बारकाईने बघा. एक, संघ गाव सोडून जाणार नाही याचं. नुसती नुकसानभरपाई पुरत नाही, कारण नवं शहर ती हसत भरतं. 'न्यायालय संघाला इथेच खेळायला लावू शकेल' असे शब्द हवेत. २००१ साली लीगने ट्विन्स संघ गुंडाळायचं मनावर घेतलं तेव्हा मिनेसोटाच्या न्यायालयाने संघाच्या तेव्हाच्या मेट्रोडोम स्टेडियमच्या वापर-कराराच्या आधारे २००२ चा हंगाम तिथेच खेळण्याचा आदेश दिला. मेट्रोडोम गेलं, पण संघ आजही मिनेसोटातच आहे.

दुसरं, संघ विकला गेला तर नफ्यात वाटा. ऐकायला झकास. मायामीत असं कलम होतं. मार्लिन्स संघ २०१७ मध्ये १२० कोटी डॉलरला विकला गेला, मालकाच्या हिशेबात कर्ज, कर वगैरे वजा जाता वाटण्याजोगा नफा उरलाच नाही, शहर आणि काउंटी कोर्टात गेली आणि २०२१ मध्ये ४२ लाखांवर तडजोड झाली. वाटा हवा असेल तर तो एकूण विक्री किमतीवर, मुदत दहा वर्षांहून लांब. 'निव्वळ' हा शब्द दिसला की ते कलम शोभेचं समजा.

परवडणाऱ्या घरांबद्दल एकच सांगतो: संख्या विचारू नका, उत्पन्नाची पातळी विचारा. परिसराच्या मध्यम उत्पन्नाच्या १२० टक्के कमावणाऱ्यासाठीचं घर आणि ६० टक्केवाल्यासाठीचं घर, दोन्ही पत्रकात 'परवडणारी' म्हणूनच मोजली जातात.

एवढं करूनही करार मोडू शकतो. फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये जुलै २०२४ मध्ये शहर आणि काउंटी दोघांनी १३० कोटी डॉलरचं स्टेडियम आणि ८६ एकरांवरचा ६५० कोटींचा 'गॅस प्लँट' नावाच्या परिसराचा प्रकल्प मंजूर केला. शहराचा वाटा २८ कोटी ७५ लाख, काउंटीचा ३१ कोटी २५ लाख हॉटेल करातून, बाकीचा आणि वाढीव खर्च संघाचा. ऑक्टोबरमध्ये मिल्टन चक्रीवादळाने संघाच्या जुन्या स्टेडियमचं, ट्रॉपिकाना फील्डचं, छप्पर फाडलं, काउंटीने रोख्यांचं मतदान लांबवलं, संघ म्हणाला की उशिराने गणित बदललं, आणि ३१ मार्च २०२५ च्या मुदतीआधी संघाने अंग काढून घेतलं. जुन्या करारानुसार फाटलेलं छप्पर दुरुस्त करण्याची जबाबदारी शहराकडेच राहिली. ही तीच जागा, जिथली कृष्णवर्णीयांची वस्ती १९८० च्या दशकात रोजगाराचं आश्वासन देऊन उठवली होती. माझ्या मते कागद म्हणून तो करार वाईट नव्हता. खर्चवाढ संघावर होती ही मोठी गोष्ट. पण पूर्वअटींच्या मुदतीत कुणी चालढकल केली तर काय, याला दात नव्हते. तुमच्या मसुद्यात पूर्वअटींची यादी शोधा आणि प्रत्येकीपुढे लिहा: कोण करणार, कधीपर्यंत, नाही केलं तर आत्तापर्यंतचा खर्च कुणाच्या माथी.

हे सगळं तीन मिनिटांत बोलता येणार नाही. सुनावणीच्या दहा-बारा दिवस आधी सिटी क्लर्ककडे लेखी अर्ज करून रोख्यांचा वर्षवार तक्ता, करमाफीची यादी आणि हमीपत्रांचे मसुदे मागा. नुसती 'टर्म शीट', म्हणजे मुख्य अटींचा कच्चा कागद, दाखवली तर समजा की कलमं अजून लिहिलीच गेलेली नाहीत. मग अंतिम करार पुन्हा मतदानाला यावा एवढीच मागणी करा. तक्ते मिळाले असतील तर एकच प्रश्न विचारा: स्टेडियम उघडल्यावर पाचव्या वर्षी भोवतीचं बांधकाम निम्मंच झालेलं असेल, तर त्या वर्षीचा हप्ता कुठल्या खात्यातून जाईल, आणि ते कितव्या कलमात लिहिलंय? उत्तर कलमाच्या क्रमांकासह इतिवृत्तात नोंदवा असं म्हणा आणि खाली बसा. मिनिट-दीड मिनिट उरेल, ते शेजाऱ्याला द्यायची सोय असेल तर द्या.